आधी पंगत, मग पालट

सोलापुरात कुणी आपला पत्ता ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असा सांगितला की बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो, “फ्री म्हणजे सरकारनं फुकट दिलेली घरं का?” विचारणाऱ्याच्या मनात काही नसते. ज्याला विचारले तो मात्र बहुधा हसतो आणि विषय बदलतो. या ‘फ्री’चा अर्थ फुकट असा नाही; तारेबाहेरची, मोकळ्यांची वस्ती असा आहे. म्हणजे तारेच्या आतलीही एक वस्ती कधीकाळी होती. तार केव्हाच निघाली, पत्त्यात मात्र तिची खूण राहून गेली.

इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911च्या सुधारित कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. माणसाने चोरी केली म्हणून नव्हे, तो अमुक जमातीत जन्मला म्हणून त्याचे नाव नोंदवहीत चढू लागले, बोटांचे ठसे घेतले जाऊ लागले. सोलापुरात कापडाच्या गिरण्या होत्या, गिरण्यांना माणसे हवी होती. काटेरी तारेचे कुंपण घालून इथे मोठी वसाहत उभी राहिली आणि कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तिच्यात आणून ठेवली गेली. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायचे तर पास. वागणूक बराच काळ चांगली राहिली तर तारेबाहेरच्या कॉलनीत राहायची मुभा. भीमराव जाधव गुरुजींनी आपल्या आत्मकथनाला नाव दिले तेच मुळी ‘काटेरी कुंपण’. मुंबई राज्याने हा कायदा 1949 साली रद्द केला, देशभर तो 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन. 1960 साली पंडित नेहरू सोलापुरात आले आणि त्यांच्या हातून तार कापली गेली, ही आठवण वस्तीतली जुनी माणसे आजही सांगतात.

ख्रिस्ती धड्यांच्या पुस्तकाची प्रस्तावना या तारेपासून सुरू करायचे कारण असे, की ही वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या व्यवस्थेखाली होती. सरकारने कायदा केला, पोलिसांनी माणसे आणली आणि सांभाळायला मिशनच्या हाती दिली. मिशनच्या लोकांनी तिथे शाळा चालवली, औषधपाणी पाहिले, गिरणीत कामे मिळवून दिली. त्या शाळेत चार अक्षरे गिरवलेल्यांची नातवंडे आज शिक्षक आहेत, वकील आहेत. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण ज्या आवारात रविवारी उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली जायची, त्याच आवारात सोमवारी हजेरीचा पट उघडायचा. गोष्टीतला बाप मुलाला लांबून पाहताच धावत सुटतो. पटावरचा कारकून मात्र नाव पुकारतो आणि ‘हजर’ ऐकू येईपर्यंत पेन उचलून थांबतो.

या दोन चित्रांतला फरक कळला की पुढच्या धड्यांचे निम्मे काम झाले. वसाहतीचा नियम सांगत होता : आधी सुधार, मग तुला आपला म्हणू. शुभवर्तमान नेमका उलटा क्रम सांगते : आधी तू आपला, मग सुधारणा. दोन्हीकडे शब्द तेच, फक्त मागेपुढे. पण त्या मागेपुढे होण्यात माणसाचे अख्खे आयुष्य जाते.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पुत्राची ती गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे, की तिच्यातली एक बारीक गोष्ट निसटून जाते. आपला वाटा उधळून बसलेला पोरगा डुकरांच्या मागे फिरताना, घरी गेल्यावर काय बोलायचे ते पाठ करतो. तीन वाक्ये असतात. मी देवाचा आणि तुमचा अपराधी आहे. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही. मला एखाद्या मजुरासारखे ठेवून घ्या. घर जवळ येते, बाप धावत येतो, गळ्यात पडतो. पोरगा पाठ केलेले म्हणू लागतो. पहिले वाक्य होते, दुसरे होते आणि तिसरे कधी येतच नाही. त्याआधीच बाप नोकरांना हाका मारतो : उंची झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला. म्हणजे मजूर म्हणून राहण्याची अट पोराने स्वतःच घालून आणली होती. बापाने ती तोंडाबाहेर पडूच दिली नाही. ज्याला मिल मजुराचा पास आणि फ्री कॉलनी यांतले अंतर ठाऊक आहे, त्या सोलापूरकराला हे न आलेले तिसरे वाक्य कुणी समजावून सांगायला नको.

मूळ ग्रीकमध्ये बापाच्या मनाची अवस्था सांगणारा जो शब्द आहे, तो आतड्यांवरून आलेला आहे. आपल्याकडे दया बहुतेक वेळा वरून खाली येते. भिकाऱ्याची दया येते, मोलकरणीच्या पोराची दया येते. देणारा पायरीवर उभा असतो आणि घेणारा अंगणात. पण मराठीत त्या ग्रीक शब्दाच्या रक्ताचे बोल आहेतच. आतडे तुटते. आतड्याची माया. पोटात कालवते. पुढच्या पानांत जिथे जिथे ‘दया’ येईल तिथे वाचकाने मनातल्या मनात हे बोल ठेवून पाहावेत. पश्चात्ताप या शब्दाचेही तसेच. त्यात ‘ताप’ आहे, मागे वळून पोळत राहणे आहे. मूळ ‘मेटानोइया’त मन पालटणे आहे, तोंड दुसरीकडे वळवणे आहे. आयुष्यभर पोळत राहिलेली आणि कणभरही न पालटलेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आरशातही पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट जक्कयाची. यरीहो शहरातला हा मुख्य जकातदार. परक्या सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून पैसा उकळून श्रीमंत झालेला आणि अंगाने बुटका. गर्दीत येशू दिसेना म्हणून तो उंबराच्या झाडावर चढतो. उंबर म्हटले की आपल्याला दत्ताचा पार आठवतो, आणि तिथे हा पैसेखाऊ माणूस फांदीला लोंबकळतोय, हे दृश्य मराठी वाचकाला जरा जास्तच बोलके वाटेल. येशू खाली थांबतो, नावाने हाक मारतो आणि सांगतो, आज तुझ्या घरी मुक्काम. लोक कुरकुरतात. त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही, कारण पैसे त्यांचेच गेले होते. आणि मग तो बुटका माणूस उभा राहून सांगतो, की निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला ज्याला नाडले त्याला चौपट भरून देतो. चौपट द्या असे त्याला कुणी म्हटले नव्हते. पाहुण्याने घरी येण्याआधी हिशेबाच्या वह्या मागवल्या नव्हत्या. पंगत आधी ठरली. वह्या त्याने स्वतः काढल्या.

योहानाच्या आठव्या अध्यायातल्या, दगड हातात घेतलेल्या जमावासमोर उभ्या केलेल्या बाईची गोष्टही याच क्रमाने जाते. मी तुला दोषी ठरवत नाही, हे आधी. पुन्हा पाप करू नकोस, हे नंतर. ही दोन वाक्ये आपण नेहमी मागचे पुढे घेऊन वाचतो. मग उपदेश उरतो, पण त्याच्या पोटातली माया जाते.

हा विचार सोलापूरच्या मातीला परका आहे असे कुणी समजू नये. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाचे धान्याचे कोठार लोकांसाठी उघडले. रांगेतल्या माणसाला आधी ‘तू कोण, कसा वागतोस’ असे विचारल्याचे कथेत कुठेही येत नाही. त्याच मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी आहे, दाराबाहेर. दार आत घेण्यासाठी असते आणि अडवण्यासाठीही, हे ती समाधी सहाशेहून अधिक वर्षे सांगत राहिली. ते दार दलितांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी 1 मे 1947 पासून दहा दिवस उपोषण केले. त्याच पंढरपुरात 1875 साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. विधवेच्या पोटी आलेले मूल नदीत जाऊ नये म्हणून. तिथे आलेल्या बाईने आधी आपल्या शुद्धतेचा दाखला आणावा असे म्हटले असते, तर एकही मूल वाचले नसते. यांतले काहीच ख्रिस्ती नाही. आणि म्हणूनच इथे सांगावेसे वाटले, कारण पंक्तीत जागा करून देणे हे कुण्या एका धर्माचे गुपित नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेत या क्रमाची सर्वांत ठळक साक्ष आहे पंडिता रमाबाईंची. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडले की केडगाव लागते. त्यांचे मुक्ती मिशन तिथेच. 1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या धर्मभगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅमला चालवलेले एक घर त्यांना दाखवण्यात आले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या, आणि त्यांची सेवा करणाऱ्या भगिनींच्या वागण्यात किळस नव्हती. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या रमाबाईंनी विचारले, हे तुम्ही कशासाठी करता? उत्तर म्हणून त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली; विहिरीवर भरदुपारी एकटी पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, आणि येशूने जिच्याकडे आधी पाणी मागितले ती. रमाबाईंच्या वाटेला वळण लागले ते तिथे, असे त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. कोणत्याही मतापेक्षा वागणुकीने त्यांना आधी गाठले. केडगावी त्यांनी अशा बायकांसाठी जे घर उघडले, त्याचे नाव कृपासदन. ‘सुधारगृह’ असेही नाव देता आले असते. रमाबाईंनी ते दिले नाही.

दुसरी साक्ष घरातली आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे जग कोसळले. ताटातुटीच्या त्या वर्षांत काही काळ त्या नातलगांच्या आधाराने पंढरपुरात राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला गेल्या, पण सोवळे, पाणी, स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी ते मान्य केले. ज्या माणसाने धर्मासाठी सगळे सोडले, त्याने बायकोवर धर्म लादला नाही. तिचे सोवळे सांभाळून घेतले. आणि पालट झाला तो तिच्या पायाने, तिच्या वेळी. एके दिवशी विचार करता करता, ही जातपात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःलाच घातला आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचे खायची तयारी करून घरात शिरली. 1900 साली तिचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मकथन वाचताना हसून हसून मुरकुंडी वळते. त्या हसण्याखाली किती लांब वाट पाहणे आहे ते पुस्तक मिटल्यावर कळते. टिळकांनी अखेरच्या काळात, 1917 साली, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा ठेवली. घरात शिकलेला धडा त्यांनी अंगणात मांडला म्हणायचा.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. दयेच्या नावाने आपल्या मंडळ्यांत आणि घरांत पुष्कळ अन्याय झाकला जातो. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याकडे ‘क्षमा कर, प्रभूने नाही का केली’ असे सांगून बाईला परत पाठवणे म्हणजे दया नव्हे. तो तिच्या हाडांवर केलेला धर्म झाला. जक्कयाच्या गोष्टीत पंगत आधी आहे हे खरे, पण गोष्ट पंगतीवर संपत नाही. चौपट परतफेडीवर येते. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळाल्याशिवाय पालट पुरा होत नाही. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलाला जवळ घेतले. थोरल्या मुलाचा वाटा मात्र धाकट्याच्या नावे केला नाही. जे माझे ते सगळे तुझेच आहे, हे त्याने थोरल्याला स्पष्ट सांगितले. स्वीकार म्हणजे काही झालेच नाही असे म्हणणे नव्हे. झाले ते झाले, त्याचा हिशेब होईल, पण तू दाराबाहेर उभा राहून नव्हे, असे म्हणणे. आणि मारणाऱ्याला जवळ घ्यायचे काम मंडळीचे. ते मार खाणारीच्या गळ्यात घालायचे नाही.

थोरल्या भावाविषयीही थोडे. या गोष्टीत आपण बहुतेक जण खरे तर तोच असतो. वेळेवर देवळात जाणारे, वर्गणी देणारे, कुणाचे घेतले नाही दिले नाही असे. आत ढोल वाजत असताना तो अंगणात उभा राहतो आणि म्हणतो, “हा तुमचा मुलगा”. ‘माझा भाऊ’ असे तो म्हणत नाही. एवढ्या एका शब्दात अंगणाचे कुंपण झाले. लूकने तो शेवटी आत गेला की नाही ते सांगितलेले नाही. ते पान मोकळे सोडले आहे.

आता ज्या वर्गातून हे धडे उभे राहिले त्याविषयी. तो भरतो एका घराच्या पुढच्या खोलीत, रविवारी संध्याकाळी. शेजारी यंत्रमाग आहेत. मागांना सुट्टी नसेल तर प्रार्थनेला त्यांच्या खडखडाटाची साथ असते. मराठी वाचन, मध्येच तेलुगूत एखादी शंका, कन्नडमध्ये हसणे, शेवटी चहा. मी तिथे पाहुणा म्हणून गेलो होतो. त्या दिवशी तुरुंगातून सुटून आलेला एक तरुण आला आणि दारात, चपलांच्या राशीजवळ भिंतीला टेकून बसला. मी काय केले ते सांगायला लाज वाटते. माझी पिशवी माझ्या मांडीखाली ओढून घेतली. कुणाला दिसले नाही; मला दिसले. समोर बसलेल्या एका आजींनी वाचन चालू असताना मान वर केली आणि म्हणाल्या, “चपलांजवळ का बसलास रे? पुढं सरक की. चहा निवतोय.” तो सरकला. आजी पुन्हा वाचनात गेल्या. कुणी त्याचे नाव विचारले नाही, गुन्हाही नाही.

हा तरुण पुढे सुधारला आणि सगळे छान झाले, असे लिहिले असते तर प्रस्तावना गोड झाली असती. तो आठ रविवार आला. मग दोन महिने आला नाही. मग एके दिवशी परत आला आणि पुन्हा चपलांजवळच बसला. आजींनी तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हटले, जणू पहिल्यांदाच म्हणताहेत. दया ही एकदा करून मोकळे व्हायची गोष्ट नाही, हे मला कुठल्याही भाष्यग्रंथापेक्षा त्या दुसऱ्या वेळच्या वाक्याने शिकवले.

पुढचे धडे याच वळणाचे आहेत. त्यांत मोठे धर्मशास्त्र नाही. प्रत्येक धड्यात शुभवर्तमानातली एक गोष्ट आहे, मग तिच्याविषयी चार-सहा प्रश्न. प्रश्न साधे दिसतात, पण उत्तर द्यायला घेतले की जीभ अडखळते. विहिरीवर आधी पाणी कुणी मागितले? अंगणात कोण उभे आहे? न बोललेले तिसरे वाक्य कोणते? ख्रिस्ती वाचकाने पाठ असलेली उत्तरे बाजूला ठेवून हे धडे वाचावेत. इतरांनी ते आपल्या गावातल्या गोष्टी समजून वाचावेत. दामाजी आणि चोखोबा ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडले आहेत त्यांना कुठे अडणार नाही. घाईने एका बैठकीत संपवू नयेत. आठवड्याला एक धडा पुरे, आणि शक्यतो एकट्याने नव्हे, चार माणसांत, चहा ठेवून.

प्रत्येक धड्यानंतर एक पान कोरे सोडले आहे. ते टिपणांसाठी नाही. त्यावर एकाच माणसाचे नाव लिहायचे आहे, ज्याला आपण आजवर ‘आधी सुधार, मग ये’ असे तोंडाने किंवा नुसत्या नजरेने सांगत आलो त्याचे. नाव लिहून झाले की पुस्तक मिटा आणि त्याच्या घरी जाऊन या. पुढचा धडा आल्यावर वाचता येईल.